फळ्यापर्यंत जाणारा हात

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या ओट्यावर वर्गणीचा हिशेब जुळवीत बसलो होतो. आम्ही पडलो बी.कॉम., कचेरीत कारकुनी करणारे. त्यामुळे विहाराचा जमाखर्च कायम आमच्याच माथी. तेवढ्यात पोलादपूरच्या आतून, उमरठच्या बाजूच्या एका वाडीतून एस.टी.ने आलेली एक मुलगी समोर उभी राहिली. हातात घडी घातलेला फुलस्केप कागद.

"जयभीम काका. एवढं वाचून बघता का?"

मुलीने चित्रकला शिक्षकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, म्हणजे ए.टी.डी., पूर्ण केला आहे. एका शाळेत मुलाखतीला जायचे होते. अर्जासोबत एक पानभर लिहून मागितले होते : शिक्षक म्हणून तुमचे वैयक्तिक तत्त्वज्ञान काय? तिचे नाव आम्ही येथे देत नाही. "अजून नोकरी नाही काका, नाव कशाला छापता?" असे तिनेच सांगितले.

आम्ही कागद वाचला. कला हा मानवी जीवनाचा अविभाज्य घटक, बालकाचा सर्वांगीण विकास, सुप्त गुणांना वाव, अशी सगळी वाक्ये ओळीने उभी होती. व्याकरणाची एक चूक नव्हती. पण त्या कागदावर कोणाचेही नाव घातले असते तरी चालले असते. आम्ही विचारले, "बाय, हे तुझं आहे का?"

ती जरा ओशाळली. म्हणाली, "नाही काका. मैत्रिणीच्या वहीतून घेतलंय. तत्त्वज्ञान म्हणजे काय लिहायचं तेच कळेना."

"मग कागद ठेव बाजूला. तुला वर्ग मिळाला, समोर आपल्या वाडीवरची पोरं बसलीत. तू काय करशील, ते तोंडाने सांग."

त्यानंतर ती जे दोन तास बोलली, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

पोट भरते का?

आधी तिच्या वडिलांचे म्हणणे सांगतो, कारण ते आपल्या घराघरांतले म्हणणे आहे. वडील महाडच्या एम.आय.डी.सी.त कंत्राटी कामगार. त्यांचा मुलीवर राग नाही, पण प्रश्न सरळ आहे : चित्रे काढून पोट भरते का? नर्सिंगला गेली असती तर एव्हाना पगार सुरू झाला असता. आपल्यात पहिल्या पिढीने शिक्षण घेतले ते नोकरीसाठी. मास्तर झाला तर गणिताचा, इंग्रजीचा व्हावा; चित्रकलेचा मास्तर म्हणजे पंधरा ऑगस्टला फलक रंगवणारा आणि स्नेहसंमेलनाचा पडदा लावणारा माणूस.

हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेणार नाही. लेखाच्या शेवटी त्याच्याकडे येऊ. पण त्याआधी आपल्याच इतिहासातला एक फळा आठवू.

फळ्यामागचे डबे

बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या तरटावर वेगळे बसत, हे आपल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलातली गोष्ट त्या मानाने कमी सांगितली जाते. शिक्षकांनी एकदा भीमरावांना फळ्यावर येऊन उदाहरण सोडवायला सांगितले. भीमराव उठले आणि वर्गात एकच गलका झाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमरावांचा हात फळ्याला लागण्यापूर्वी मुलांनी धावत जाऊन ते डबे उचलले.

ही गोष्ट तिने आम्हाला सांगितली, आम्ही तिला नाही. वर म्हणाली, "काका, सगळे सांगतात की डबे उचलले. मला वाटतं, हातात खडू घेऊन सगळ्यांदेखत काहीतरी काढायला निघालेल्या पोराच्या हाताचं काय झालं असेल? तो हात थरथरला असेल का? माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात प्रत्येक पोर फळ्यापर्यंत येईल आणि एक रेघ तरी ओढून जाईल. हे माझं पहिलं."

आम्ही हिशेबाची वही मिटून ठेवली.

आमच्या महाडचीच गोष्ट घ्या. लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे पुढे १९२७ च्या महाड परिषदेच्या उभारणीतले एक प्रमुख कार्यकर्ते झाले. त्याच मोऱ्यांना लहानपणी महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेशासाठी झगडावे लागले होते, आणि प्रवेश मिळाल्यावरही इतर मुलांपासून वेगळे बसावे लागले होते. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर ओंजळ भरली गेली, तिच्यामागे अशा दूर बसवलेल्या पोरांचा इतिहास आहे.

देवळाची भिंत

आमच्या रायगड जिल्ह्याने एक फार मोठा शिल्पकार दिला. अलिबागजवळच्या सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर, जन्म १८९१. पुण्यातला १९२८ चा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. त्यांची कथा अशी की लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले. त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या ते नजरेस पडले आणि त्यांनी या मुलाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवण्याची व्यवस्था केली. सासवण्याला आज त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. आम्ही ते पाहिले आहे. वाचकांनीही मुलांना घेऊन जरूर जावे.

करमरकरांच्या हातातले कसब अस्सल होते, त्याला आमचा नमस्कार. पण आम्ही त्या संग्रहालयात उभे असताना मनात एक हिशेब चालूच होता. त्या काळी देवळाच्या भिंतीला हात लावायची मुभा कोणाच्या पोरांना होती? आपल्या वस्तीतल्या पोराच्या बोटांत तसलेच कसब असते, तर त्याने ते कुठल्या भिंतीवर दाखवले असते, आणि कलेक्टरसाहेबांची घोडी त्या वस्तीकडे वळली असती का? किती हात असे न दिसताच गेले, त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

मुलीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग काका, शिक्षकाचं काम भिंत पुरवायचं आणि बघायला हजर राहायचं. कलेक्टर येईल तेव्हा येईल." हे तिचे दुसरे सूत्र झाले.

कॅलेंडरातले बाबासाहेब

तिसऱ्या सूत्रावर आम्हालाच अवघडल्यासारखे झाले. चौदा एप्रिलला विहारात चित्रकला स्पर्धा ठेवतो, ती आमच्याच देखरेखीखाली. दरवर्षी चाळीस-पन्नास पोरे बसतात आणि तितकेच एकसारखे बाबासाहेब तयार होतात : निळा कोट, लाल टाय, डोळ्यांवर चश्मा, एका हातात संविधान. कॅलेंडरवर चौकटी आखून तसेच्या तसे उतरवलेले. ज्याचा चेहरा अधिक जमला त्याला आम्ही कंपासपेटी देतो.

"त्यात वाईट काय?" आम्ही विचारले.

"वाईट नाही काका. पण त्या पोराला बाबासाहेब दिसले का? मी विषय देईन : तरटावर बसलेला मुलगा. घागर भरायला गेलेली, नि परत पाठवलेली बाई. दिव्याखाली वाचणारा माणूस, नि त्याची वाट बघणाऱ्या रमाई. मग चेहरा नाही जमला तरी चालेल."

उमरठच्या शाळकरी पोरांचेही तेच. उमरठला नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी, शेलारमामांचीही तिथेच. ४ फेब्रुवारी १६७० ला सिंहगडावर तानाजी पडले, ते घरचे लग्न टाकून गेले होते, ही कथा तिथली पोरे पाळण्यापासून ऐकतात. चित्र काढा म्हटले की प्रत्येक जण कडा, दोर आणि घोरपड काढतो. ती म्हणाली, "मी विचारीन, लग्नघराचं काय झालं? मांडवातल्या बायांचे चेहरे कसे असतील? गडावरून निरोप आला तेव्हा चुलीवर काय होतं? ते काढा."

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांत स्मरणचित्राचा विषय असतो. शेतावरचे दृश्य असे आले की पोरे गाईडातले सपाट शेत आणि बैलगाडी काढून मोकळी होतात. उमरठच्या चढाला कुठले सपाट शेत? तिथे डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, पाठीला इरले, डोक्यावर भारा. पोराने स्वतः रोज पाहिलेले ते काढायचे सोडून छापील पाहिलेले काढावे, याला ती 'उसने डोळे' म्हणते. गुण मिळतील, पण डोळे उसनेच राहतील.

रंगपेटी नसलेली पोरे

येथे आमची एक जुनी जखम सांगतो. आम्ही पाचवीत होतो. चित्रकलेच्या तासाला रंगपेटी नसलेल्यांनी वर्गाबाहेर उभे राहायचे असा नियम होता. शाळा कोणती, मास्तर कोण, ते सांगत नाही. आता त्यात काही हशील नाही. वर्षभर आम्ही सहा-सात जण खिडकीशी उभे राहून आतल्या पोरांचे ब्रश बघत असू. घरी सांगितले नाही, कारण आईला मजुरी किती मिळते ते आम्हाला माहीत होते. आम्हाला चित्र येत नाही असे आम्ही आजवर सांगत आलो. खरे म्हणजे आम्ही कधी काढलेच नाही.

मुलगी हे ऐकून जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काका, आमच्या वाडीवर रंग काय कमी आहेत? गेरू आहे, चुना आहे, चुलीतला कोळसा आहे, हळद आहे. हळदीत चुना कालवला की लाल होतो. पानं चुरगाळली की हिरवा. पहिले तीन महिने मी कोणालाच पेटी आणू देणार नाही, ज्याच्याकडे आहे त्यालाही. सगळे एकाच मातीनं सुरुवात करतील."

हा विचार हवेतला नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हेच केले. शंख, शिंपले, बिया, पाने ही त्यांची साधने. पोरे शाळेत येईनात, तेव्हा बालवाडी अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. पोर शाळेला साजेसे नाही असे न म्हणता शाळाच पोराला साजेशी केली.

हाताची लाज

आता एक नाजूक गोष्ट. मातीकाम, विणकाम, कातडे, बांबू ही हातकामे वर्गात घेणार असे मुलीने सांगितले तेव्हा तिच्या आजीने आक्षेप घेतला : "याच कामांतून सुटायला तर शिकलो ना गं? परत पोरांच्या हातात तेच देतेस?"

आजीचा आक्षेप खोटा नाही. ही कामे आपल्यावर जातीने लादलेली होती. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेले जनावर सोडा, शिळ्या तुकड्याची लाचारी सोडा असे सांगितले, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले म्हणून आज आपण ताठ उभे आहोत. पण त्यांनी लाचारी सोडायला सांगितले होते, हात सोडायला नाही. लादलेले काम आणि आपण होऊन केलेली निर्मिती यांतला फरक पोराला उमगला पाहिजे.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेचा शिक्षक कसा असावा हेही सांगितले आहे. तो शेतकऱ्यांच्या घरातला असावा, लोकांत मिसळणारा असावा, आणि वेळ पडली तर नांगराला, सुताराच्या हत्याराला हात लावायची त्याला लाज वाटू नये, असा त्यांचा आग्रह होता. दीडशे वर्षे होत आली, या कसोटीला उतरणारी एक मुलगी उमरठच्या डोंगरातून निघाली आहे असे आम्हाला वाटते.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथे जॉन ड्युई त्यांचे गुरू होते. त्यांच्या विचारांचा बाबासाहेबांवरचा ठसा सर्वमान्य आहे. लोकशाही आणि शिक्षण यांवरचा ड्युईंचा ग्रंथ १९१६ चा. पण १९३४ साली त्यांनी कलेवरही एक मोठा ग्रंथ लिहिला, हे आपल्यात फारसे कोणी सांगत नाही. कला ही संग्रहालयात कोंडलेली वस्तू नसून रोजच्या जगण्याच्या अनुभवातूनच ती उगवते, हा त्याचा गाभा. आणि खुद्द बाबासाहेबांनी एवढ्या व्यापात उतारवयात चित्रकला शिकायला घेतली, व्हायोलिनचे धडे घेतले. ज्या माणसाला एक मिनिट फुकट घालवणे ठाऊक नव्हते, त्याला ही गोष्ट फुकटची वाटली नाही.

कुड्याची बौद्ध लेणी आपल्याच जिल्ह्यात आहेत. तेथील दानलेखांत एका माळ्याचे दान नोंदलेले आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी कोरीवकाम केल्याचा लेख आहे. धम्माच्या दारात हाताने काम करणाऱ्याचे नाव दगडावर कोरले गेले. मुलीचा बेत आहे की वर्गातली पोरे महाडजवळच्या गंधारपाल्याच्या लेण्यांत न्यायची, आणि फोटो न काढता तेथे बसून रेखाटन करायचे.

खाली आलेला डोंगर

२२ जुलै २०२१ हा दिवस आमच्या दोन्ही तालुक्यांत कोणी विसरणार नाही. महाड पाण्याखाली होते. तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखरच्या सुतारवाडीवर दरडी आल्या. ही मुलगी तेव्हा बारावीत होती. नंतर कार्यकर्त्यांबरोबर वह्या-पेन्सिली वाटायला एका निवारा-शाळेत गेली होती. तेथे एका सात-आठ वर्षांच्या पोराने सबंध कागद तपकिरी खडूने भरून टाकला. बाजूच्या स्वयंसेवकाने समजावले, "अरे, डोंगर वर काढायचा, खाली घर काढायचं." पोराने उत्तर दिले, "आता डोंगर खाली आलाय."

तो कागद तिने जपून ठेवला आहे. ती म्हणाली, "काका, त्या पोराला आठवडाभर कोणी बोलतं करू शकलं नव्हतं. कागदावर तो बोलला. आणि पहिल्याच वाक्याला आपण त्याला चूक म्हटलं. त्या दिवशी मी ठरवलं, हेच शिकायचं. पोराचं चित्र दुरुस्त करायच्या आधी त्याला विचारायचं, हे काय आहे, मला सांग."

वाचकहो, मैत्रिणीच्या वहीत हे कुठे होते?

शंभराचा नियम

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे की सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराहून अधिक मुले असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक असावेत. म्हणजे शंभराच्या आत पट असेल तर कायद्याने कलेचा माणूस देणे बंधनकारक नाही. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांच्या शाळांचा पट शंभरापर्यंत जाणार कसा? निम्मी घरे मुंबई-पुण्याला, उरलेल्यांत म्हातारी आणि लहान पोरे. जेथे बालवाडीपासून रंग पाहायला मिळत नाही, तेथेच कलाशिक्षक मिळत नाही. कारकुनाच्या डोळ्याला हा हिशेब उलटा दिसतो.

म्हणून तिच्या वडिलांना आम्ही खोटा धीर दिला नाही. पूर्ण पगाराची जागा लगेच मिळेल असे नाही. काही वर्षे तासांवर काम करावे लागेल. पण दुसरी बाजूही त्यांच्यापुढे मांडली. कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए श्रेणी मिळाली तर दहावीला ७ गुण वाढीव मिळतात, बी श्रेणीला ५ आणि सी श्रेणीला ३. आपल्या पोरांना हे वेळेवर सांगणारे कोणी नसते, आणि सातवी-आठवी उलटून जाते. तुमची मुलगी डोंगरातल्या दहा पोरांना जरी त्या परीक्षेला बसवू शकली, तरी दहा घरांचा फायदा आहे. शिवाय छपाई, फलक, कापडावरची नक्षी, संगणकावरची मांडणी ही या हाताला मिळणारी जोडकामे आहेत. नर्सिंगइतकी खात्री नाही, हे मान्य. पण मार्ग बंदही नाही.

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, मला एवढंच सांगा, पोरीला वर्गात मान मिळेल का?" त्याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. ते त्या शाळेने द्यायचे आहे, आणि काही अंशी आपण सगळ्यांनी.

आपण काय करायचे?

आमच्या शाखेपुरते ठरले आहे ते सांगतो. एक, रविवारच्या वंदनेनंतर एक तास विहारात चित्रांचा वर्ग. ही मुलगी शिकवणार, तिचा एस.टी.चा पास आणि मानधन वर्गणीतून. मानधन थोडे आहे, पण फुकट राबवून घ्यायचे नाही, हे आम्ही वहीत लिहून ठेवले. दोन, चौदा एप्रिलच्या स्पर्धेत कॅलेंडर समोर ठेवून चित्र काढायला बंदी. तीन, जूनमध्ये शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला आपले पालक जाणार आणि कलेचा तास कोण घेतो, की त्या वेळात गणितच उरकले जाते, हे विचारणार. वाचकांनी आपापल्या गावी एवढे तरी विचारावे.

२०२७ साली चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होतात. त्या निमित्ताने महाडमध्ये फलक लागतील, कमानी उभ्या राहतील. त्यांतली काही चित्रे उमरठच्या पोरांनी, त्यांच्याच डोंगरातल्या गेरूने काढलेली असावीत अशी आमची इच्छा आहे.

मुलीने तो फुलस्केप कागद फाडून टाकला आणि विहाराच्या ओट्यावरच नवा लिहिला. पानभर मागितले होते, तिचे अर्धेच पान झाले. माझ्या वर्गातले प्रत्येक मूल फळ्यापर्यंत येईल. रंगपेटी नाही म्हणून कोणी बाहेर उभे राहणार नाही. चित्र दुरुस्त करण्याआधी मी ते ऐकून घेईन. एवढेच तीन मुद्दे. खाली सही.

मुलाखत झाली. निकाल अजून आलेला नाही. पहिल्या रविवारी वर्गाला अकरा पोरे आली आणि बारावे आम्ही. तिने सर्वांना कोळशाचा तुकडा दिला, आम्हालाही. आम्ही आईचे हात काढायला घेतले. ते अजून पुरे झालेले नाहीत.